गोव्यातली बस आणि सरकारचा पैसा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोंडा-पणजी मार्गावर बरीच वर्षं बसने ये-जा केली की माणूस आपोआप तज्ज्ञ होतो, निदान शेजारच्या सीटवरच्याला तसं वाटतं. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, चतुर्थीला गावी गेल्यावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे राग जास्त आहे असं समजावं.

कदंब नेहमी तोट्यातच का असते?

कारण कदंबवर, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळावर, टाकलेली कामं तिकिटाच्या पैशात बसत नाहीत. भाडं सरकार ठरवतं. मोटार वाहन कायद्याने तो अधिकार राज्याकडे आहे. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना सवलत द्यायची हेही सरकारच ठरवतं. वाळपईच्या किंवा सांग्याच्या आडगावात दिवसाला दोन फेऱ्या घालायच्या, तिथे प्रवासी मिळोत न मिळोत, हेही वरूनच येतं. डिझेलचे दर मात्र कुणी कदंबसाठी वेगळे ठरवत नाही. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावर केंद्राची अबकारी आणि राज्याचा व्हॅट बसतो. म्हणजे सरकार एका हाताने अनुदान देतं आणि दुसऱ्या हाताने त्यातलं थोडं काढून घेतं.

व्यवस्थापनाच्या चुका नसतात असं नाही. बंद पडलेल्या बस महिनोन् महिने उभ्या राहतात, वेळापत्रक फलकावर एक असतं आणि रस्त्यावर दुसरंच. पण त्या सगळ्या उद्या दुरुस्त झाल्या तरी तूट शून्यावर येणार नाही. जगातल्या बहुतेक शहरांत बस-मेट्रोचा चालवण्याचा खर्च तिकिटातून पूर्ण निघत नाही. मुंबईच्या बेस्टचा बसविभागसुद्धा वर्षानुवर्षं वीजविभागाच्या नफ्यावर तगला, आणि तो आधार सुटल्यावर महापालिकेच्या दारात गेला.

मग फेरीबोटीचा तोटा कुणी का मोजत नाही?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, मीच लोकांना विचारतो. दिवाडी, चोडण, तेरेखोल, आसोळणे... नदी परिवहन खात्याच्या नेहमीच्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला आणि दुचाकीला तिकीट नाही. खलाशांचा पगार, डिझेल, धक्क्यांची डागडुजी, सगळं अर्थसंकल्पातून येतं. २०२३ साली दुचाकींना पैसे लावायची घोषणा झाली तेव्हा बेटांवरचे लोक उठले आणि सरकारने पाऊल मागे घेतलं. त्या वादात 'फेरीबोट तोट्यात आहे, बंद करा' असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. फेरीबोट म्हणजे पाण्यावरचा रस्ता, आणि रस्त्याला तोटा नसतो, हे गोंयकाराला उपजतच कळतं.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. नवा पूल १९९२ मध्ये सुरू होईपर्यंत नदीपलीकडच्या बार्देशातून पणजीला येणारी माणसं बेतीच्या फेरीबोटीने आली. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना सार्वजनिक वाहतुकीवर सरकारने का खर्च करायचा हे समजावून सांगावं लागत नाही. बसला मात्र आपण दुकानाचा हिशोब लावतो. तोच माणूस, तोच प्रवास, फक्त नदी संपून डांबर सुरू झालं की 'तोटा' हा शब्द येतो.

(चोडण-रायबंदरला २०२५ पासून रो-रो बोट आली आहे. तिचे दर वेगळे आहेत, आणि त्यावर चोडणकरांशी वाद घालायची माझी हिंमत नाही.)

कदंब आली कुठून? खासगी बस होत्याच की.

होत्या, आणि फक्त त्याच होत्या. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मागितली. आंदोलन चिघळलं, लाठ्या चालल्या. विद्यार्थ्यांची मागणी मान्य झाली आणि पुढे १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झालं. नाव कदंब राजवंशाचं, पण महामंडळाचा खरा पाया हे आंदोलन आहे. ज्यांनी तेव्हा मार खाल्ला ते आज ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत प्रवास करतात. सवलत हा कदंबच्या धंद्यात घुसलेला पाहुणा आहे असं बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की महामंडळच सवलतीच्या पोटी जन्मलं.

संध्याकाळी साडेसातनंतर बस का मिळत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर खासगी बसच्या कमाईत आहे, म्हणून थोडं सविस्तर.

गोव्यातल्या गावोगावच्या मार्गांवर बहुतेक बस खासगी आहेत. मालकाकडे मार्गाचा परवाना असतो, बस त्याची, डिझेल त्याचं, आणि उत्पन्न फक्त गल्ल्यातून. चालक-कंडक्टरची कमाईही बऱ्याचदा गल्ल्याशीच बांधलेली. आता त्यांच्या जागी बसून विचार करा. सकाळी थांब्यावर पाच मिनिटं जास्त उभं राहिलं तर चार प्रवासी जास्त मिळतात. मागची बस दिसली की पुढे पळायचं, कारण पुढच्या थांब्यावरचे प्रवासी जो आधी पोचेल त्याचे. 'फाटीं वचात, फाटीं वचात' (मागे सरका) हा कंडक्टरचा गजर त्यातूनच येतो. आणि रात्री आठला रिकामी बस गावापर्यंत नेण्यात काहीच हाती लागत नाही, म्हणून ती फेरी परवान्यावर असते, रस्त्यावर नसते.

समजा, आणि हे आकडे केवळ हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, तीस किलोमीटरच्या मार्गावर बसला किलोमीटरमागे ६० रुपये खर्च येतो. एक फेरी १८०० रुपयांना पडली. सकाळी पन्नास प्रवासी चाळीस रुपये देतात, २००० जमले, मालक खूश. रात्री आठच्या फेरीला बारा प्रवासी, ४८० रुपये, खड्डा १३२०. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ३४,३२० रुपये. 'एवढा तोटा कोण सोसणार?' म्हणून फेरी बंद होते.

पण ते बारा जण जातात कुठे? वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून सुटणारा कामगार, पणजीतल्या दुकानात काम करणारी मुलगी, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आईला भेटून परतणारा मुलगा. परतीची बस नाही म्हटल्यावर ते हप्त्यावर स्कूटर घेतात. आणि एकदा स्कूटर दारात आली की सकाळीही तीच निघते. म्हणजे सकाळच्या बसमधूनही बारा तिकिटं गेली, महिन्याला १२,४८० रुपये. रात्रीची फेरी चालू ठेवायला खरा खर्च ३४,३२० नसून २१,८४० आहे. उरलेले पैसे ती फेरी सकाळी परत मिळवून देते, पण ते दुसऱ्याच बसच्या गल्ल्यात पडतात, म्हणून तिच्या हिशोबात ते कधीच दिसत नाहीत. हा जोड फक्त सगळं जाळं एकत्र बघणाऱ्याला दिसू शकतो. सुट्या बसच्या मालकाला नाही दिसत, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

खासगी बसमालकांना सरकार अनुदान देतं ना? मग?

देतं, निदान कागदावर. इंधनासाठी, जुनी बस बदलण्यासाठी अशा योजना येत राहिल्या, आणि थकलेल्या अनुदानासाठी बसमालकांच्या संघटनेची निवेदनंही येत राहिली. माझी हरकत अनुदानाला नाही, ते ज्या गोष्टीला मिळतं त्याला आहे. डिझेलला अनुदान दिलं की डिझेल स्वस्त होतं. नवी बस घ्यायला दिलं की बस नवी होते. रात्री आठची फेरी यांतल्या कशानेही परत येत नाही.

'म्हजी बस' ही काय भानगड आहे?

याच दुखण्यावर राज्य सरकारने आणलेला उपाय. खासगी बस कदंबच्या छत्राखाली आणायच्या, मार्ग आणि वेळापत्रक कदंबने ठरवायचं, आणि मालकाला धावलेल्या अंतराचा मोबदला द्यायचा. वाहतूकवाल्यांच्या भाषेत याला ग्रॉस कॉस्ट करार म्हणतात: तिकिटाचे पैसे सरकारी संस्थेकडे, बस चालवणाऱ्याला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम. याच्या उलट नेट कॉस्ट, म्हणजे गल्ला तुमचा, जोखीमही तुमची, जशी आपली जुनी पद्धत.

किलोमीटरने पैसे मिळाले की शर्यतीचं कारण संपतं. पण नवा लोभ सुरू होतो: बस रिकामी धावली तरी पैसे मिळतात, मग थांब्यावर थांबायचं कशाला? म्हणून अशा करारात दंड लागतो. फेरी चुकली, थांबा सोडला, उशीर झाला तर कापून घ्यायचे. आणि दंड लावायला कुणीतरी पाहत असावं लागतं. बसमधला जीपीएस पाहतो, पण त्याचा अहवाल वाचायला माणूस हवा. बसमालकही विचारतात की महिन्याचे पैसे महिन्याला मिळतील का. थकलेल्या अनुदानाचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने हे विचारावं यात नवल नाही. मला वाटतं या योजनेचं भवितव्य बसमध्ये ठरणार नाही, बिलं मंजूर करणाऱ्या टेबलावर ठरेल.

इलेक्ट्रिक बस आल्या, आता तर खर्च कमी झाला असेल?

चालवण्याचा झाला, विकत घेण्याचा वाढला. बारा मीटरची इलेक्ट्रिक बस एका कोटीच्या पुढे जाते, त्यातला मोठा वाटा बॅटरीचा. म्हणून केंद्राने फेम-२ योजनेत बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे, किलोवॅट-तासामागे २०,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली. कदंबला ५० बस या योजनेत मिळाल्या, त्याही ग्रॉस कॉस्ट पद्धतीच्या: बस आणि चालक कंपनीचे, कंडक्टर आणि तिकीट कदंबचं. २०२४ पासून पणजी शहरातही स्मार्ट सिटीच्या इलेक्ट्रिक बस धावतात.

त्या बसमध्ये बसलं की धूर नाही, खडखडाट नाही, आणि भर मे महिन्यात पणजीच्या बसस्टँडपासून बांबोळीपर्यंत माणूस घामाघूम न होता पोचतो. हे सुख लहान नाही. फक्त इलेक्ट्रिक झाली म्हणून बस वेळेवर येत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

केंद्र सरकार एवढे हजार कोटी जाहीर करतं, ते गोव्यात का दिसत नाहीत?

कारण केंद्राच्या योजना शहर मोजून पैसे देतात, आणि गोव्यात तसं शहरच नाही. २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर झाली: ५७,६१३ कोटींचा अंदाज, त्यात केंद्राचे २०,००० कोटी, १०,००० बस. निकष तीन लाखांपुढच्या शहरांचा, आणि त्याखेरीज ईशान्येच्या, डोंगरी राज्यांच्या व केंद्रशासित प्रदेशांच्या राजधान्या. पणजी महापालिकेची २०११ ची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. केंद्राच्याच पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेत बससाठी ४,३९१ कोटी आहेत, पण भर चाळीस लाखांपुढच्या महानगरांवर.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. म्हापसा, पर्वरी, पणजी, फोंडा, मडगाव, वास्को ही नावं वेगळी, पण कामाला जाणारा माणूस ती एकच समजून चालतो. राहायला डिचोलीत, नोकरी पर्वरीत, दवाखाना बांबोळीला, कोर्टकचेरी म्हापशात. ३,७०२ चौरस किलोमीटरचं विस्कटलेलं एकच शहर आहे हे. दिल्लीच्या रकान्यात ते बसत नाही, तर रकाना बदलून घ्यायला हवा: अख्ख्या राज्याला एक नागरी वाहतूक क्षेत्र माना, आणि मग मोजा. पणजी नेहरू नागरी अभियानात, म्हणजे केंद्राच्या शहरांसाठीच्या जुन्या योजनेत, मोठ्या शहरांच्या पंक्तीला बसली होतीच, राजधानी म्हणून. म्हणजे अपवाद होतात.

गोव्यात मेट्रो का नको?

मेट्रोच्या आधी स्कायबस आठवा. मडगावला कोकण रेल्वेने उंच खांबांवर प्रयोगाचा मार्ग उभारला होता, लटकत धावणाऱ्या डब्यांचा. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीत अपघात झाला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, आणि प्रकल्प तिथेच थांबला. खांब पुढे कित्येक वर्षं मडगावकरांना वाकुल्या दाखवत उभे होते.

मेट्रोचं गणित साधं आहे. उन्नत मार्गाचा एक किलोमीटर दोनशे कोटींच्या वर जातो. २०१७ च्या मेट्रो धोरणात केंद्राकडून मदत घ्यायचे तीन मार्ग आहेत: खासगी भागीदारीत व्यवहार्यता तफावत निधी (प्रकल्प परवडावा म्हणून कमी पडणारी रक्कम सरकारने देणं), खर्चाच्या दहा टक्के थेट अनुदान, किंवा केंद्र-राज्य निम्मी भागीदारी. तिन्हींत काही ना काही खासगी सहभाग हवा, आणि आधी बससारखे स्वस्त पर्याय तपासून पाहिल्याचं दाखवावं लागतं. आपण कुठे तपासले? एका किलोमीटर मेट्रोच्या पैशात शंभरावर इलेक्ट्रिक बस येतात. आधी म्हापसा-पणजी-मडगाव दर पाच मिनिटांनी, रात्री अकरापर्यंत बस द्या, ती कमी पडू लागली की मेट्रोच्या बैठकीला मी स्वतः चहा घेऊन येईन.

रेल्वेचं काय? ती तर आहेच.

आहे, आणि तिच्यात आपला पैसाही आहे. कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला होता. तरी मुंबई-मंगळुरूची लांबची वाहतूक हेच तिचं मुख्य काम राहिलं. थिवीहून करमळीला रोज कामाला जाणाऱ्याच्या सोयीची लोकल कुणी आखली नाही.

सरकारी मदतीची गोष्ट इथे त्याहून जुनी आहे. मुरगाव बंदरातून घाटावर जाणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकात एका ब्रिटिश कंपनीने बांधली, आणि भांडवलावरच्या परताव्याची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली. कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' होतं. खासगी कंपनी, सरकारची हमी, धोका तिजोरीवर. आज आपण ज्याला नव्या नव्या नावांनी हाक मारतो ते वास्को-कुळे रुळांवर केव्हाचं अंथरलेलं आहे.

बायकांना मोफत प्रवास गोव्यातही असावा का?

दिल्लीत तो २०१९ पासून आहे, तामिळनाडूत २०२१ पासून, कर्नाटकात आणि तेलंगणात २०२३ पासून. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एसटीत निम्मं भाडं केलं. या सवलती त्या त्या राज्याच्या हद्दीपुरत्या, म्हणून काणकोणची बाई कारवारच्या बसकडे आणि पेडण्याची बाई बांद्याच्या एसटीकडे जरा हेव्याने बघते.

माझं मत सावध आहे. जिथे सरकारी बस भरपूर आहेत तिथे मोफत तिकिटाने मोठा फरक पडतो. आपल्याकडे गावची बस खासगी, त्यामुळे कदंबपुरती योजना केली तर ती ज्यांच्या दारातून कदंब जाते त्यांनाच मिळेल. आणि रात्री बसच नसेल तर मोफत तिकीट घेऊन थांब्यावर उभं राहायचं का? माझी बहीण म्हणते, 'मला फुकट नको, मला साडेआठची हवी.' मी तिच्या बाजूने आहे.

शाळेच्या पिवळ्या बालरथचा इथे काय संबंध?

बालरथ हीसुद्धा सार्वजनिक वाहतुकीवरची मदतच. अनुदानित शाळांना बस सरकारने दिल्या, चालकाचा आणि देखभालीचा खर्चही सरकार भरतं. सकाळी मुलं सोडली की बस दुपारपर्यंत शाळेच्या अंगणात उभी. त्याच वेळेत गावातली म्हातारी माणसं आरोग्य केंद्रात जायला गाडी शोधत असतात. नियम, विमा, जबाबदारी यांचा गुंता आहे हे मान्य. पण सुटण्यासारखा आहे.

पैसा आणायचा कुठून? कर वाढवायचे का?

जगाने काढलेले मार्ग बरेच आहेत. पॅरिसमध्ये १९७१ पासून मालकवर्ग पगारपत्रकावर वाहतुकीचा कर भरतो, कारण कामगार वेळेवर येण्याचा फायदा त्यांनाही होतो. लंडनने २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं आणि ते वाहतुकीवरच खर्चायचं बंधन घातलं. हाँगकाँगची मेट्रो स्थानकाभोवतीच्या जमिनीतून कमावते. लक्झेंबर्गने २०२० मध्ये तिकीटच काढून टाकलं, पण तो श्रीमंत देश आहे, त्याच्याशी तुलना नको.

गोव्यात मला दोन गोष्टी जमण्यासारख्या वाटतात. एक, पार्किंग. पणजीत अठरा जून रस्त्यावर गाडी लावायला जागेच्या किमतीच्या मानाने काहीच द्यावं लागत नाही. ती जागा सरकारी, म्हणजे तीही सबसिडीच, फक्त मोटारवाल्याला दिलेली. दुसरी, वाहन नोंदणीचा कर. गोव्यात वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन ठेपली आहे. त्या कराचा ठरावीक हिस्सा बसच्या किलोमीटरसाठी बाजूला ठेवायचा, आणि सर्वसाधारण तिजोरीत मिसळू द्यायचा नाही. मोटारवाले ओरडतील. त्यांना सांगावं की पुढची स्कूटर बसमध्ये गेली तर तुमचाच रस्ता मोकळा होणार आहे.

माझ्या गावची बंद पडलेली बसफेरी परत हवी असेल तर नेमकं काय करायचं?

आधी फेरी परवान्यावर आहे की नाही ते शोधा. वाहतूक खात्याकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा: या मार्गावर कोणत्या वेळेचे परवाने आहेत, गेल्या वर्षात तक्रारी किती, कारवाई काय. कदंबचा मार्ग असेल तर त्यांच्याकडे मार्गनिहाय किलोमीटर आणि उत्पन्न मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

फेरी परवान्यावर असूनही धावत नसेल तर तारीखवार नोंद ठेवा, दोन आठवडे पुरतात, आणि ती ग्रामसभेत ठेवून ठराव घ्या. नुसत्या 'बस द्या' या ठरावाला उत्तर येत नाही. 'अमुक वेळेला अमुक थांब्यावरून इतके लोक रोज परततात, नावं सोबत जोडली आहेत' या ठरावाला येतं. आमच्या वाड्यावर आम्ही हे केलं तेव्हा यादीत सतरा नावं होती. फेरी आली, आठवड्यातून सहा दिवस. रविवारची अजून भांडतोय.